चोवीस व्होल्टचं घर

लाइट गेली की आधी विहिरीवरची मोटर थांबायची. मोटर थांबली म्हणजे घरातला गादीचा पंपही थांबला, हे कमलबाईच्या अंगात भिनलं होतं. मग हातात असेल ते काम तिथंच टाकून ती घराकडं निघायची. सुरुवातीला पळत जायची. आता पळणं व्हायचं नाही, नुसती चालायची.

त्या दिवशी ती हरभरा उपटत होती. उपटलेला ढीग बांधावर ठेवून ती आली तेव्हा गादी निम्मी बसली होती. तिचे यजमान आण्णासाहेब छताच्या पत्र्याकडं बघत पडले होते. दवाखान्यातनं सांगितलेली ती हवेची गादी, आडव्या नळ्या-नळ्यांची. पंप आळीपाळीनं नळ्या फुगवायचा, त्यामुळं अंगाचा भार एकाच जागी पडायचा नाही. पंप थांबला की अर्ध्या तासात माणूस लाकडाच्या फळीवर टेकायचा.

"सरकवते हं," म्हणत कमलबाईनं चादरीची कड धरली, गुडघा पलंगाच्या पट्टीला लावला आणि त्यांना डाव्या कुशीवर वळवलं. सहा फुटी माणूस. एकतीस वर्षं भूमच्या एसटी डेपोत ड्रायव्हर होते, स्टिअरिंग ओढून ओढून खांदे रुंद झालेले. चौदा महिन्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, पण वजन काही गेलं नाही. माकडहाडावरची जखम तिनं उघडून बघितली. रुपयाएवढी होती, कडा ओल्याच. बरी होत आली की पुन्हा लाइटीचा घोळ व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

"पाणी पायजे?"

आण्णासाहेबांनी डाव्या हाताच्या बोटानं पलंगाच्या लोखंडी नळीवर एकदा ठोकलं. एक ठोका म्हणजे नको, दोन म्हणजे हो. बसमधल्या घंटीचीच भाषा होती ती. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की चालायचं. ती कुणी शिकवावी लागली नाही, दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी त्यांची त्यांनीच सुरू केली.

त्यांचं घर भूमहून येताना ईट गावाच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, शेतात. तिथं शेतीची लाइन. एक आठवडा दिवसा आठ तास, एक आठवडा रात्री आठ तास, आणि त्यातही मधे जाणं-येणं. उरलेल्या वेळेत दर दोन तासांनी कुशी बदलायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवसा दोन तासांनी, रात्रीही दोन तासांनी. चौदा महिन्यांत कमलबाई सलग दोन तासांच्या वर झोपली नव्हती. पोरगा उत्कर्ष पुण्याला कंपनीत होता. त्यानं इन्व्हर्टर बसवून दिला, पण इथं विजेचा दाब इतका कमी की त्याची बॅटरी कधी पुरती भरलीच नाही, आणि सहा महिन्यांत ती बसली. मग तो दोघांना पुण्याला घेऊन गेला. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत आण्णासाहेबांनी जेवण सोडलं. ताट पुढं आलं की एक ठोका. पाण्याला एक ठोका. दोन महिन्यांनी कमलबाईच म्हणाली, "आमाला घरी सोड बाबा."

बाजाराच्या दिवशी फारुखभाई आले. महिन्यातनं एकदा ते यायचेच. डेपोत इलेक्ट्रिशियन होते, आण्णासाहेबांच्या मागं-पुढं रिटायर झालेले. आण्णासाहेबांच्या गाडीचा हेडलाइट कधी बंद पडला नाही तो ह्या माणसामुळं, असं आण्णासाहेब बोलते होते तेव्हा सांगायचे. हल्ली फारुखभाईंनी मोटरसायकल सोडली होती. गुडघे धरतात म्हणायचे, आणि एसटीनं येऊन रस्त्यापासून चालत यायचे.

ते बसलेले असतानाच लाइट गेली. पंप थांबला. कमलबाई चहा अर्धा टाकून उठली, आण्णासाहेबांना वळवलं, पाठीमागं उशी लावली आणि परत चुलीपाशी आली. फारुखभाई बघत होते.

"वहिनी, असं दिवसातनं किती बारी?"

"मोजत न्हाय मी."

"ह्या पंपाला वीज किती लागती ठावं हाय? गाडीतल्या एका बल्बाएवढी. तेवढ्यासाठी तुमी खांबाकडं बघत बसताय."

"मग काय करू?"

"म्या तेहतीस वर्षं काय केलं? आख्खी गाडी चोवीस व्होल्टवर चालवली. हेडलाइट, वायपर, घंटी, आतले दिवे. गाडीला कुठं खांबावरनं वायर येती? ह्या घराला गाडी समजा. पत्र्यावर सोलरच्या दोन प्लेटा, आत दोन बॅटऱ्या, मधे एक फ्यूजबॉक्स. दिवे आन पंखा ट्रकातले लावू, ते थेट चोवीसवर चालत्यात. पंपाला तेवढा ट्रकवाल्यांचा बारका इन्व्हर्टर."

कमलबाईनं कप त्यांच्या हातात दिला. तिला हुरूप बिरूप काही आला नाही. चौदा महिन्यांत सगळ्यांनी काही ना काही सुचवलं होतं. तेल सुचवलं, वैदू सुचवला, पाण्याची गादी सुचवली. ती म्हणाली, "मला त्यातलं काय कळत न्हाय, फारुखभाई. लाइट गेल्यावर गादी फुगलेली ऱ्हायली पायजे, एवढंच बघा. बाकी मला काय करायला सांगू नका."

"तुमी नुसतं बसायचं. सगळं म्या करतो."

पलंगावरनं दोन ठोके आले.

उत्कर्षनं प्लेटा आणि बॅटऱ्या पाठवल्या. बाकीचं सामान फारुखभाईंनी भूममधल्या ट्रकच्या स्पेअरच्या दुकानातनं आणलं. शेजारच्या वस्तीवरच्या बिरदेवनं आपल्या पिकअपमधून सगळं पोचवलं आणि एका सकाळी गोठ्याच्या पत्र्यावर लोखंडी अँगल ठोकून प्लेटा दक्षिणेकडं तोंड करून बसवल्याही. फारुखभाई खाली उभं राहून सांगत होते, "थोडी उचल, आणखी, बास." काम चालू असेस्तोवर प्लेटांवर बिरदेवची घोंगडी टाकायला लावली, कारण ऊन पडलं की प्लेट वीज करायला लागते, तिला आपलं काम झालं का नाही हे कळत नाही. मग बिरदेव मेंढरांकडं गेला.

दुसऱ्या दिवशी फारुखभाई आतल्या खोलीत वायरी घेऊन बसले. कमलबाईनं भाकरी थापल्या, धुणं धुतलं, आण्णासाहेबांचं अंग पुसलं. मधनंमधनं तिची नजर जायची. फारुखभाई वायरीचं टोक हातात घेऊन बसलेले. उठून दारात उन्हात जायचे, परत येऊन बसायचे, पुन्हा उठायचे. तासाभरात एकही वायर जोडून झाली नव्हती.

"वहिनी, ही लाल हाय न्हवं?"

"काळी हाय ती."

"व्हय व्हय. आन ही?"

"तीबी काळीच."

त्यांनी हसल्यासारखं केलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर कमलबाई कपड्याची बादली खाली ठेवून त्यांच्यासमोर बसली. त्यांच्या डोळ्यांत तिनं नीट बघितलं. बुबुळावर दुधाच्या सायीसारखं काहीतरी होतं.

"फारुखभाई, तुमाला दिसत न्हाय?"

त्यांनी वायर मांडीवर ठेवली. "उन्हात दिसतं. सावलीत सगळं एकाच रंगाचं. मोतीबिंदू म्हणला डॉक्टर. दीड वर्ष झालं."

"म्हणून गाडी सोडली व्हय. आन गुडघ्यावर घालत होता."

"हात अजून चालतो वहिनी. म्हणलं हातानंच करीन. पर चोवीस व्होल्टात लाल-काळी उलटी झाली तर सामान जळतंय. तेवढंच एक बघावं लागतं, आन तेवढंच मला दिसंना."

चिडून कमलबाई कुणाशी बोलत नसे, चिडायला अंगात जोर लागतो. पण त्या दिवशी बोलली.

"तुमी म्हणला होता, तुमी नुसतं बसायचं. म्हणला होता न्हवं? सगळीच म्हणत्यात. पोरगा म्हणतो मी बघतो. नर्स म्हणती मी येते. शेवटाला समदं फिरून माझ्याच हातात. मला वाटलं, एक काम तरी माझ्याबिगर हुईल. एक. ते बी न्हाय."

तिचा आवाज चढला नव्हता. तो उलट खाली खाली गेला, म्हणून फारुखभाईंना जास्त लागला. ते भिंतीकडं तोंड करून बसले.

"म्या दुसऱ्या कुणाला तरी धाडतो," ते म्हणाले.

"कोण येतंय इथं?"

पलंगावर आण्णासाहेब डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते. डाव्या हाताची मूठ वळलेली होती.

कमलबाई उठली. मग तिनं भिंतीतल्या कोनाड्यातनं गोधडी शिवायचा जाड दोरा काढला. लाल वायरीचा गुंडाळा उजेडात ओढला, टोकाशी दोऱ्याचे चार वेढे दिले आणि घट्ट गाठ मारली. दुसऱ्या टोकालाही तशीच. वायर तिनं फारुखभाईंच्या हातात दिली.

"गाठ लागली का हाताला?"

त्यांनी अंगठा फिरवला. "लागली."

"गाठ असंल ती लाल. नसंल ती काळी. मी बांधून देते, तुमी जोडा."

मग काम पुढं सरकलं. ती वायर कापायची, लाल असेल तर वीतभर अलीकडं गाठ मारायची, कातडं सोलल्यासारखं वरचं प्लॅस्टिक सोलायची. फारुखभाई तांब्याच्या तारा पिळून त्यावर थिंबल, म्हणजे तांब्याची बारकी टोपी, बसवायचे आणि पकडीनं आवळायचे. हाताला सगळं पाठ होतं. काम करता करता ते सांगत गेले आणि तिच्या कानावर पडत गेलं. बॅटरीच्या अगदी पायाशी मोठा फ्यूज हवा. वायर कुठंही घासली, उंदरानं कुरतडली, तर आग लागायच्या आधी तो जळला पाहिजे. वायर जाड हवी, कारण चोवीस व्होल्टात जोर कमी असतो, लांब अंतर त्याला सोसत नाही. म्हणून बॅटऱ्या गोठ्यात न ठेवता ह्याच खोलीत, खिडकीखाली. प्रत्येक वस्तूची फ्यूजबॉक्सात आपली खोली वेगळी. पंप पहिल्या खोलीत.

"पहिला पंपच का?" तिनं विचारलं.

"अंधारात चाचपडलं तरी पहिला सापडतो."

दुपारी फारुखभाईंचे हात भरून आले तेव्हा शेवटची चार थिंबलं कमलबाईनं आवळली. दोन्ही हातांनी पकड दाबली तरी तिचा जोर कमीच पडत होता. मधे दोनदा उठून तिनं नवऱ्याची कूस बदलली.

आधी बॅटरी जोडली, मग प्लेटा, आणि मग बाहेर जाऊन तिनं पत्र्यावरची घोंगडी काठीनं खाली ओढली. भिंतीवरच्या चार्ज कंट्रोलरवर, म्हणजे प्लेटांची वीज बेतानं बॅटरीत सोडणाऱ्या डबीवर, हिरवा दिवा लागला. फारुखभाईंनी पंपाचा फ्यूज बसवला, आणि टच् असा आवाज होऊन निळी ठिणगी उडाली. पंप गप्पच.

"गेलं?" कमलबाईनं विचारलं.

फारुखभाईंच्या तोंडावर मात्र त्या दिवसातलं पहिलं खरं हसू आलं. "फ्यूज गेला. म्हणजे सामान वाचलं. त्यानं त्याचं काम केलं." त्यांनी इन्व्हर्टरच्या वायरीवरनं अंगठा फिरवला. "ह्याला गाठ हाय, आन ही काळीच्या भोकात हाय. ही तुमी लावली का म्या?"

"मी लावली."

"दमल्यावर हुतं. माझ्याकडनंबी डेपोत व्हायचं."

वायर बदलली, नवा फ्यूज घातला. पंप सुरू झाला. आवाज नेहमीपेक्षा घोगरा होता, पण गादीच्या नळ्या एकेक करून फुगायला लागल्या. तीन दिवे लावून बघितले, भर दुपारी त्यांचा उजेड दिसलाही नाही. ट्रकच्या केबिनमधला बारका पंखा आण्णासाहेबांच्या डोक्याशी फिरायला लागला आणि त्यांचे विरळ केस हलले.

घरातल्या जुन्या लाइनवर एक बल्ब मुद्दाम चालू ठेवला होता. पावणेतीनला तो विझला. विहिरीची मोटर थांबली. कमलबाई खोलीच्या मधोमध उभी राहून पंपाकडं बघत राहिली, आता थांबेल म्हणून. तो थांबला नाही. पलंगावरनं दोन ठोके आले. तिनं तिकडं बघितलं तर आण्णासाहेबांच्या डाव्या डोळ्यातनं पाणी कानाकडं चाललं होतं. तिनं पदरानं टिपलं.

घटकाभरानं चहा घेऊन ती आत आली तेव्हा फारुखभाई भिंतीला टेकून, तोंड उघडं ठेवून झोपले होते. आण्णासाहेबही झोपले होते. चहा निवेपर्यंत ती उंबऱ्यावर बसून राहिली. तिला झोप आली नाही. आता झोपायला हरकत नव्हती, पण अंगाला ते कुणी कळवलंच नव्हतं.

जाताना फारुखभाईंना रस्त्यापर्यंत सोडायला ती गेली. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी तिच्या हातातल्या पिशवीचा एक बंद धरला होता.

"डोळ्याचं करून घ्या," ती म्हणाली.

"रिटायर माणसाला काय बघायचंय वहिनी?"

"वायर बघायचीय. उद्या बिघडलं तर मी कुणाला बोलवू? तुमाला ऑपरेशनचं भ्या वाटतंय का?"

"वाटतंय," ते म्हणाले.

"मलाबी रोज वाटतंय. तरी उठावं लागतंच."

त्यांची मुलगी यास्मिन सोलापूरला असते. कमलबाईनं त्याच संध्याकाळी तिला फोन लावून सगळं सांगितलं. पंधरवड्यात ती येऊन बापाला घेऊन गेली.

आणि नेमकं तेव्हाच बिघडलं. सकाळी दहाचा सुमार. कमलबाई म्हशीला वैरण टाकत होती. आत आली तर जळक्या रबराचा वास आणि पंप बंद. जुन्या लाइनलाही वीज नव्हती. तिनं फारुखभाईंना फोन लावला. यास्मिननं उचलला.

"काकू, अब्बूंना ऑपरेशनला आत घेतलंय. आताच नेलं. काय काम होतं का?"

"न्हाय गं. काय न्हाय. बरं हुईल सगळं."

फोन ठेवून तिनं आधी आण्णासाहेबांना वळवलं. मग बॅटऱ्यांपुढं फतकल मारून बसली. बसल्यावर तिला वाटलं, इथंच आडवं व्हावं. जळू दे काय जळतंय ते. गादी बसू दे. आपणही त्या गादीसारखं बसावं, हवा गेलेलं. थोडा वेळ ती खरंच तशी बसली. डोळ्यापुढं खिडकीच्या उन्हातली धूळ फिरत होती.

मग तिनं मोठा फ्यूज ओढून काढला. आधी फ्यूज, मगच हात, असं फारुखभाई पन्नासदा म्हणाले होते. वास पंपाच्या वायरीकडनं येत होता. तिनं बोटानं एकेक थिंबल चाचपलं. तिसरं गरम लागलं, त्याच्या मागचं प्लॅस्टिक काळं पडून चुरगळलं होतं. धरून हलवलं तर ते वायरीवर नुसतंच फिरत होतं. तिनंच आवळलेलं होतं ते, त्या दुपारी, जोर संपल्यावर.

तिनं जळका तुकडा कापून टाकला. नवं टोक सोललं, तारा पिळल्या, डब्यातलं नवं थिंबल बसवलं. हातानं जोर पुरणार नाही हे तिला आता माहीत होतं. तिनं पकड जमिनीवर ठेवली, वरच्या दांड्यावर टाच दिली आणि सगळं वजन टाकलं. कच्चकन आवाज झाला. ओढून बघितलं, हलेना. आणखी एकदा टाच दिली. मग बाकीची तीनही, तिच्या हातची, तशीच पायानं आवळली. काळी काळीच्या भोकात, गाठीची लालीच्या. मोठा फ्यूज. पंपाचा फ्यूज. घोगरा आवाज सुरू झाला.

आण्णासाहेब वळलेल्या कुशीवरनं मान तिरकी करून सगळं बघत होते. तिनं तोंडावरचा घाम पुसला.

"झालं," ती त्यांना म्हणाली. "आता तुमी बघून ठेवलं न्हवं? पुढच्या बारीला मला आठवण करा."

दोन ठोके.

महिनाभरात जखमेच्या कडा कोरड्या पडल्या, मग मधली जागा भरत आली. नर्स म्हणाली, गादी अशी चालू राहत असेल तर चार तासांनी वळवलं तरी चालेल. कमलबाई मात्र दोन तासांनी जागी व्हायचीच. उठून पंपावर हात ठेवायची, तो थरथरत असला की परत पडायची आणि डोळे उघडे ठेवून पत्रा बघायची. उत्कर्षनं फोनवर विचारलं, "आता आराम हाय न्हवं आई?" ती "व्हय" म्हणाली. काय सांगणार? झोप म्हणजे काय बटण दाबून येणारी गोष्ट थोडीच असते.

फारुखभाई सोलापूरहून परत आल्याचं कळलं तेव्हा तिनं जायचं ठरवलं. बिरदेवची बायको सोनाली दुपारभर आण्णासाहेबांपाशी बसायला तयार झाली. पंधरा-सोळा महिन्यांत कमलबाई एकटी अशी पहिल्यांदाच बाहेर पडत होती. निघताना तिनं सोनालीला फ्यूजबॉक्स दाखवला, गाठी दाखवल्या, कुशीला उशी कुठली लावायची ते सांगितलं. मग पुन्हा आत जाऊन तेच सगळं पुन्हा सांगितलं. सोनालीनं तिला हाताला धरून अंगणाबाहेर काढलं.

भूममध्ये फारुखभाई काळा चष्मा लावून ओसरीवर खुर्चीत बसले होते. त्यांना सोडायला आलेल्या यास्मिननं पाणी आणलं. फारुखभाईंनी चष्मा काढला, कमलबाईकडं बघितलं आणि बघतच राहिले.

"काय झालं? दिसत न्हाय का अजून?"

"दिसतंय. लखलखीत दिसतंय. वहिनी, तुमी लई थकलाय. डोळ्याखाली बघा किती काळं झालंय. म्या महिन्याच्या महिन्याला यायचो, तुमच्या हातचा चहा प्यायचो, मला दिसलंच न्हाय."

हे कमलबाईला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. सगळे विचारायचे, आण्णासाहेब कसे आहेत. तिनं पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडं ठेवला.

"तुमाला तवा लाल वायरबी दिसत नव्हती," ती म्हणाली, आणि दोघं थोडं हसले. मग तिनं जळलेल्या थिंबलाची हकिकत सांगितली. टाचेवर उभं राहून आवळल्याचं ऐकून फारुखभाईंनी मांडीवर थाप मारली. "डेपोत नवीन पोरांना म्या हेच शिकवायचो. तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. हातात जोर नव्हता, म्हणून पाय."

साडेतीनच्या ईटच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. गाडी निम्मी रिकामी होती. गावाबाहेर पडल्यावर वारा लागला. कापणी झालेली ज्वारीची रानं मागं जात होती, इंजिनाचा एकसारखा घों-घों आवाज पायातनं वर चढत होता. खिडकीच्या दांडीवर तिनं डोकं टेकलं, घटकाभरासाठी.

"मावशी. ओ मावशी. ईट आलं. उतरा."

कंडक्टर खांदा हलवत होता. कमलबाई दचकून उठली. गाडीत ती एकटीच होती. तोंडाच्या कडेला ओल आली होती, मान आखडली होती.

"माझी वस्ती?"

"ती मागंच गेली. दोनदा आवाज दिला म्या. आता ही गाडी तासाभरानं भूमला माघारी जाईल, तिच्यात बसा. तिकडं सोडतो."

ती खाली उतरली. किती वेळ झाला, कुशी कुणी बदलली, काय झालं? तिनं सोनालीला फोन लावला.

"काही न्हाय हो," सोनाली म्हणाली. "मगाशी वळवलं त्यांना. पंप चालू हाय. लाइट दुपारपासनं न्हाय, मला तर पंखा फिरतोय म्हणून कळलंबी नव्हतं. मी हितंच हाय अंधार पडेस्तोवर, तुमी निवांत या."

कमलबाईनं फोन कमरेला खोचला. स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर एक म्हातारी भाजीची रिकामी टोपली घेऊन बसली होती. कमलबाई तिच्याशेजारी बसली. अंग जड झालं होतं. पण हे जडपण रोजचं नव्हतं. रोजचं जडपण ओढायला लागायचं, आणि हे तिलाच खाली ओढत होतं. पापण्या मिटत होत्या. तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि मागच्या खांबाला पाठ लावली.

"भूमच्या गाडीला हायसा का?" तिनं म्हातारीला विचारलं.

"व्हय."

"गाडी लागली की मला उठवाल का बाई? मला झोप आलीय."

म्हातारीनं तिच्याकडं एकदा बघितलं आणि टोपली पलीकडं सरकवून बाकावर जागा करून दिली.

"उठवते की," ती म्हणाली. "पाय वर घ्या. अजून लई वेळ हाय."

कमलबाईनं पाय वर घेतले.